हल्ले, युद्ध, भूकंप: भीतीदायक बातम्यांबद्दल मुलांशी काय आणि कसं बोलायचं?

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळच्या बैसरन खोऱ्यात दहशतवाद्यांनी पर्यटकांवर गोळ्या झाडल्या. २६ जण मारले गेले. त्यात महाराष्ट्रातले सहा पर्यटक होते. दोन आठवड्यांनी, ७ मे च्या पहाटे, भारताने ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू केलं. त्याच दिवशी देशात अनेक ठिकाणी नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली आणि भोंगे वाजले.

महाराष्ट्रात तेव्हा शाळांना उन्हाळ्याची सुट्टी होती. मुलं घरात होती, टीव्ही चालू होता आणि मोठ्यांच्या फोनवर एकामागून एक व्हिडिओ येत होते. अशा वेळी मुलांकडून हमखास येणारे प्रश्न असे असतात: ‘आपल्याकडे पण बॉम्ब पडणार का?’, ‘बाबा ऑफिसमधून परत येतील ना?’, ‘त्या लोकांना का मारलं?’

बऱ्याच घरांत या प्रश्नांना दोनपैकी एक उत्तर मिळतं. एक म्हणजे, ‘तू लहान आहेस, जा, खेळायला जा.’ दुसरं उत्तर शब्दांत नसतंच. टीव्हीचा आवाज तसाच राहतो आणि प्रश्न हवेत विरून जातो. दोन्ही वेळा मूल बातमी ऐकतंच, फक्त ती एकट्याने ऐकतं. मुलांना भयंकर घटनांपासून पूर्ण लांब ठेवणं आज जवळपास अशक्य आहे. त्यांना त्या घटनेसोबत एकटं न सोडणं मात्र प्रत्येक घराला जमू शकतं.

लपवलं तर मुलांना कळत नाही का?

कळतं. बातमी शाळेच्या बसमध्ये कळते, सोसायटीच्या खाली खेळताना कळते, मोठ्या भावंडाच्या फोनवर दिसते. यातलं काहीच झालं नाही तरी घरातल्यांचे चेहरे असतात. आजी देवापुढे जास्त वेळ बसली, आई फोनवर हळू आवाजात बोलू लागली किंवा आपण खोलीत येताच मोठी माणसं गप्प झाली, की काहीतरी वाईट घडलंय एवढं चार वर्षांच्या मुलालाही समजतं.

अर्धवट माहितीतली उरलेली जागा मूल कल्पनेने भरतं. मोठी माणसं ज्याबद्दल बोलायचं टाळतात ते नक्कीच फार भयंकर असणार, असा त्याचा साधा हिशोब असतो. मग खऱ्या घटनेपेक्षा मनातला बागुलबुवा मोठा होतो. काही लहान मुलं तर घडलेल्या वाईट गोष्टीचा दोष स्वतःकडे घेतात. ‘मी ऐकलं नाही म्हणून असं झालं का?’ हा प्रश्न मोठ्यांना विचित्र वाटतो, पण त्या वयात तो खरा असतो.

कुठल्या वयात कशाची भीती वाटते?

सगळी मुलं एकाच गोष्टीला घाबरत नाहीत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधक जोआन कँटर यांनी यावर अनेक वर्षं काम केलं. १९८३ मध्ये अमेरिकी टीव्हीवर अणुयुद्धाची कल्पना मांडणारा ‘द डे आफ्टर’ हा चित्रपट दाखवला गेला. लहान मुलं त्याने फार हादरतील अशी तेव्हा चिंता होती. प्रत्यक्षात लहान मुलांवर त्याचा परिणाम कमी दिसला, किशोरवयीन मुलांवर जास्त. कारण त्यातली खरी भीती पडद्यावरच्या दृश्यांपेक्षा ‘हे खरंच होऊ शकतं’ या विचारात होती. तो विचार करायला वय लागतं.

१९९१ च्या आखाती युद्धाच्या वेळीही असंच चित्र दिसलं. लहान मुलांना स्फोट, जखमी माणसं यांसारखी दिसणारी दृश्यं छळत होती. मोठ्या मुलांना युद्ध पसरेल का, यासारखे न दिसणारे धोके सतावत होते.

यातून पालकांना तीन गोष्टी घेता येतात.

सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या बाबतीत चित्र सर्वांत महत्त्वाचं. दृश्य डोळ्यांसमोर येऊ न देणं हाच मोठा उपाय. समजूत घालायला शब्द कमी लागतात. जवळ घेणं, झोपताना सोबत असणं जास्त उपयोगी पडतं.

सात ते अकरा वर्षांच्या मुलांना ‘हे आपल्याबाबत होईल का?’ हे जाणून घ्यायचं असतं. त्यांना अंतर, नकाशा, आकडे समजतात. त्यांना खरी माहिती हवी असते, पण थोडी.

बारा वर्षांपुढच्या मुलांनी पालकांपेक्षा जास्त पाहिलेलं असतं. त्यांना चूक-बरोबर, न्याय, राजकारण यावर बोलायचं असतं. त्यांना ‘घाबरू नकोस’ म्हणणं पुरत नाही. ‘तुला काय वाटतं?’ असं विचारलेलं त्यांना हवं असतं.

तेच दृश्य पुन्हा पुन्हा पाहिलं तर काय होतं?

१९ एप्रिल १९९५ ला अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीमध्ये एका सरकारी इमारतीत बॉम्बस्फोट झाला. १६८ माणसं गेली, त्यात १९ मुलं होती. मानसोपचारतज्ज्ञ बेट्टी फेफरबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वर्षांनंतर तिथून सुमारे १६० किलोमीटर दूर राहणाऱ्या शाळकरी मुलांशी संपर्क साधला. या मुलांनी स्फोट प्रत्यक्ष अनुभवला नव्हता. तरीही ज्यांनी त्याच्या बातम्या जास्त पाहिल्या-वाचल्या होत्या, त्यांच्यात तणावाची लक्षणं जास्त आढळली.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तीन ते पाच दिवसांत अमेरिकेत ५६० प्रौढांचं फोनवरून सर्वेक्षण झालं. पालकांच्या सांगण्यानुसार ३५ टक्के मुलांमध्ये तणावाचं किमान एक लक्षण होतं आणि ४७ टक्के मुलांना स्वतःच्या किंवा जवळच्यांच्या सुरक्षिततेची काळजी वाटत होती. ही मुलं फक्त न्यूयॉर्कमधली नव्हती, देशभरातली होती.

मोठ्यांचंही वेगळं नाही. २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा अधिक वेळ त्याच्या बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र तणाव आढळला. प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्या लोकांपेक्षाही त्याचं प्रमाण जास्त होतं.

अशा अभ्यासांतून बातम्या हेच एकमेव कारण ठरत नाही. आधीच घाबरलेला माणूस बातम्याही जास्त पाहतो. पण भीती आणि स्क्रीन एकमेकींना वाढवत नेतात, हे अनेक घटनांनंतर दिसलं आहे. लहान मुलांची आणखी एक अडचण असते. ‘पुन्हा दाखवलेलं दृश्य’ ही कल्पना त्यांना नीट समजत नाही. एकच इमारत वीस वेळा कोसळताना दिसली, तर वीस इमारती कोसळल्या असं त्यांना वाटू शकतं.

बोलायला सुरुवात कुठून करायची?

सुरुवात उत्तराने न करता प्रश्नाने करावी. ‘तू याबद्दल काय ऐकलंस?’ हा प्रश्न कुठल्याही वयाला चालतो. मुलाला काय माहीत आहे, काय चुकीचं समजलंय आणि नेमकी कशाची भीती आहे, हे त्यातून कळतं. अनेकदा भीती अगदी वेगळीच निघते. मोठ्यांना वाटतं मूल युद्धाला घाबरलंय. त्याला मात्र पुढच्या महिन्यातली मामाच्या गावची सहल रद्द होईल याची चिंता असते.

समजा, आठ वर्षांची मुलगी विचारते, ‘आई, आपल्याकडे पण युद्ध होणार का?’ लगेच ‘छे, काहीतरीच काय!’ म्हणण्याऐवजी आई विचारू शकते, ‘तुला असं कशावरून वाटलं गं?’ मुलगी म्हणते, ‘भोंगा वाजला ना.’ आता उत्तर सोपं होतं: ‘तो सरावाचा भोंगा होता. शाळेत आग लागल्यावर काय करायचं याचा सराव करतात ना, तसा. खरी गरज पडली तर सगळ्यांना काय करायचं ते माहीत असावं म्हणून.’

विचारलं तेवढंच सांगावं. तपशील वाढवू नयेत. उत्तर मिळाल्यावर मूल खेळायला पळालं, तर ते बेफिकीर आहे असं नाही. त्याने त्या दिवसापुरतं जेवढं पेलवेल तेवढं घेतलं. तोच प्रश्न ते उद्या पुन्हा विचारेल, तेव्हा पुन्हा तेच उत्तर शांतपणे द्यावं.

वेळही महत्त्वाची. झोपायच्या आधी हा विषय काढू नये. समोरासमोर बसवून ‘आपल्याला बोलायचंय’ म्हटलं की मूल दचकतं. मटार सोलताना, गाडीवरून शाळेत सोडताना, कुत्र्याला फिरवताना मुलं जास्त मोकळी होतात.

खोटा दिलासा द्यावा का?

‘आपल्याला कधीच काही होणार नाही’ असं वचन कुणीच देऊ शकत नाही. मोठ्या मुलांना ते पटतही नाही. खरं आणि दिलासा देणारं असं दोन्ही मिळून सांगता येतं: ‘हे आपल्यापासून खूप लांब घडलंय. आपली काळजी घ्यायला आम्ही आहोत. पोलीस, डॉक्टर, सैनिक आपापलं काम करतायत.’

अंतर दाखवायला नकाशा चांगला. मुंबईपासून युक्रेनची राजधानी कीव्ह सुमारे ५,००० किलोमीटरवर आहे, गाझा सुमारे ४,००० किलोमीटरवर. मुलाला मुंबई ते नागपूर प्रवास आठवत असेल, तर त्याच्या कितीतरी पट हे अंतर आहे हे बोटाने दाखवता येतं.

घटना जवळ घडली असेल तर अंतराचा आधार चालत नाही. तेव्हा घरातला बेत सांगावा: चुकामूक झाली तर कुठे थांबायचं, आई-बाबांपैकी एकाचा नंबर पाठ हवा, शेजारच्या कुठल्या काकूंकडे जायचं. काय करायचं हे माहीत असलं की पोटातला गोळा लहान होतो.

मृत्यूबद्दल काय सांगायचं?

पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलांना मृत्यू कायमचा असतो हे पूर्ण उमगलेलं नसतं. ‘ते झोपले’ असं सांगितलं, तर मूल झोपायलाच घाबरू शकतं. ‘देवाघरी गेले’ म्हटलं, तर ‘परत कधी येणार?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. घरातल्या श्रद्धेप्रमाणे बोलायला हरकत नाही, पण सोबत एक साधं वाक्य असावं: ‘त्यांचं शरीर आता चालत नाही. ते परत येणार नाहीत. त्यांना दुखतही नाही.’

पालकांना रडू आलं तर लपवायची गरज नाही. ‘मला त्या लोकांसाठी वाईट वाटलं म्हणून रडू आलं. आता बरं वाटतंय’ असं सांगितलं, की दुःख येतं आणि ओसरतंही, हे मुलाला दिसतं. मात्र मुलाने आपली समजूत काढावी, अशी वेळ त्याच्यावर आणू नये.

घरातल्या फोनचं काय करायचं?

लहान मुलाच्या हातात स्वतःचा फोन नसतो. त्याला दिसणारं दृश्य बहुतेकदा आई, बाबा, आजोबांच्या फोनवरचं असतं. म्हणून पहिला बदल मोठ्यांनी करायचा आहे.

व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’ या भागात फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करता येतं. फेसबुक आणि एक्सवर व्हिडिओ आपोआप सुरू होणं थांबवायची सोय आहे. गॅलरीत जमलेल्या क्लिप पुसून टाकाव्यात, कारण मूल गेम खेळायला फोन घेतं आणि गॅलरीत पोहोचतं. बातम्या पाहायची वेळ ठरवावी, मुलं झोपल्यावरची असेल तर उत्तम. वाचलेली बातमी मनात राहते, पण पाहिलेल्या दृश्याइतकी डोळ्यांसमोर नाचत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे खोटे व्हिडिओ. मे २०२५ मध्ये लेबनॉनच्या बैरूत शहरात २०२० साली झालेल्या स्फोटाचा व्हिडिओ भारतावरचा क्षेपणास्त्र हल्ला म्हणून फिरत होता. सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने तो दावा खोडून काढला. ‘आर्मा ३’ या व्हिडिओ गेममधली दृश्यंही युद्धाची खरी दृश्यं म्हणून इतक्या वेळा पसरली, की गेम बनवणाऱ्या कंपनीलाच २०२२ मध्ये खुलासा करावा लागला.

म्हणजे मूल ज्या दृश्याला घाबरून रात्रभर जागलं, ते घडलेलंच नसेल असंही होऊ शकतं. दहा-बारा वर्षांपुढच्या मुलांसोबत बसून हे तपासणं हाच एक धडा आहे. व्हिडिओतलं एक चित्र घेऊन गूगल लेन्सवर शोधायचं, ते आधी कधी आलं होतं ते पाहायचं. ‘हे कुणी टाकलं? कधीचं आहे?’ हे दोन प्रश्न अंगवळणी पडले की मूल नुसतं घाबरत नाही, विचारही करू लागतं. आणि ज्या क्लिपची खात्री नाही, ती घरातल्या मोठ्यांनीही पुढे ढकलू नये.

‘ती माणसं वाईटच असतात का?’

हल्ल्यानंतर हा प्रश्न येतोच. २०२० मध्ये करोना पसरला तेव्हा ईशान्य भारतातल्या लोकांना काही शहरांत ‘करोना’ म्हणून हिणवलं गेलं. पहलगामनंतर काही राज्यांत काश्मिरी विद्यार्थ्यांना त्रास दिला गेल्याच्या बातम्या आल्या. शाळेत हीच गोष्ट एखाद्या मुलाला नावावरून चिडवण्यापर्यंत येते.

मुलं हे शब्द जेवणाच्या टेबलावर आणि फॅमिली ग्रुपवर शिकतात. त्यांना सरळ सांगता येतं: ‘गोळ्या झाडणाऱ्या माणसांनी भयंकर गुन्हा केला. त्यांच्यासारखं नाव असलेल्या किंवा त्या भागात राहणाऱ्या सगळ्यांनी तो केलेला नाही.’ बैसरनमध्ये मारल्या गेलेल्या २६ जणांमध्ये पर्यटकांना घोड्यावरून फिरवणारा एक स्थानिक काश्मिरी तरुणही होता, हे मुलांना सांगण्यासारखं आहे. आणि वर्गातलं कुणी अशा चिडवण्याला सामोरं जात असेल, तर त्याच्या शेजारी डबा खायला बसणं हेही धैर्याचंच काम आहे, हेसुद्धा.

भीती कमी करायला मूल स्वतः काय करू शकतं?

असहाय वाटणं हा भीतीचा मोठा भाग असतो. छोटी कृतीही तो कमी करते. चित्र काढणं, मदतकार्यासाठी जुने कपडे बांधायला हातभार लावणं, सैनिकांना किंवा पूरग्रस्त मुलांना पत्र लिहिणं. मदत करणाऱ्या माणसांकडे मुलाचं लक्ष वळवावं: रुग्णवाहिकेचे चालक, परिचारिका, ढिगारा उपसणारे लोक, लंगर चालवणारे.

सर्वांत मोठा आधार मात्र रोजच्या दिनक्रमाचा असतो. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, लातूर-उस्मानाबाद (आताचं धाराशिव) भागाला किल्लारीच्या भूकंपाने उद्ध्वस्त केलं. हजारो माणसं गेली. त्यानंतर भारतीय जैन संघटनेने तिथली सुमारे १,२०० मुलं पुण्यात आणून त्यांच्या राहण्याची आणि शिक्षणाची सोय केली. सगळं हरवलेल्या मुलांनाही शाळेची घंटा, जेवणाची वेळ, सोबतची मुलं हा धागा लागतो. जी मुलं सुरक्षित घरात बसून फक्त बातमी पाहतायत, त्यांचाही क्लास, संध्याकाळचं खेळणं, झोपायची वेळ शक्यतो मोडू नये.

खेळात युद्ध आलं तर लगेच रागावू नये. ठोकळ्यांचा मनोरा पाडणं, डॉक्टर-डॉक्टर खेळणं ही मुलांची समजून घ्यायची पद्धत असते. मात्र खेळ रोज तसाच, आनंद नसलेला आणि न बदलणारा होत असेल तर लक्ष द्यावं. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या चाउचिला गावात २६ मुलांसह शाळेची बस पळवली गेली होती. सगळी मुलं जिवंत सुटली. त्यांचा पाठपुरावा करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ लेनोर टेर यांना असाच साचेबद्ध, पुन्हा पुन्हा होणारा खेळ दिसला होता.

तज्ज्ञांची मदत कधी घ्यावी?

काही दिवस झोप मोडणं, आईला चिकटून राहणं, पोट दुखतंय म्हणणं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, चिडचिड होणं हे बऱ्याच मुलांमध्ये दिसतं आणि हळूहळू कमी होतं. यावर मुलाला ओरडू नये. ही लक्षणं महिनाभर टिकली, वाढत गेली, मूल शाळेत जायलाच तयार नसेल, खाणं-खेळणं सोडून दिलं असेल, तर बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशकाशी बोलावं. मूल जगण्याचा कंटाळा आल्याचं किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल बोललं, तर एक दिवसही थांबू नये.

काही मुलांकडे आधीपासूनच जास्त लक्ष हवं: ज्यांनी नुकतंच घरातलं कुणी गमावलंय, ज्यांना आधीपासून चिंतेचा त्रास आहे आणि ज्यांच्यासाठी बातमी ‘लांबची’ नाही. साताऱ्यातलं अपशिंगे सैनिकांचं गाव म्हणून ओळखलं जातं. तिथल्या मुलांसाठी सीमेवरची बातमी बाबांची किंवा काकांची असते. आखातात नोकरीला असलेल्या वडिलांची कोकणातली मुलंही तशीच. त्यांना नकाशा दाखवून भागत नाही. व्हिडिओ कॉलची ठरलेली वेळ आणि ‘बाबांचा मेसेज आला की तुला लगेच सांगेन’ हा शब्द त्यांना जास्त धीर देतो.

केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि मराठीतही बोलता येतं. संकटातल्या मुलांसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. तिथे मूल स्वतःही फोन करू शकतं.

पुढची भीतीदायक बातमी कधी येईल हे सांगता येत नाही. ती आली की फोन पालथा ठेवायचा, मुलाला जवळ बसवायचं आणि विचारायचं: ‘तू काय ऐकलंस?’ मग ते सांगेल ते पूर्ण ऐकून घ्यायचं.